कठड्यावरून पुढे आलेला हात

क्रिकेटमध्ये षटकार प्रेक्षकांत जाऊन पडला की चेंडू परत मैदानात द्यावा लागतो. बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती लागला त्याचा. तो खिशात घालायचा, घरी न्यायचा, कपाटात काचेखाली ठेवायचा. पोरं स्टँडमध्ये हातमोजा घालून बसतात ती एवढ्याचसाठी, आणि पोरंच नव्हे, साठीची माणसंही बसतात. शिकागोच्या रिग्ली फील्डवर या रिवाजाला एक पोटनियम आहे: पाहुण्या संघाचा होम रन, म्हणजे तिथला षटकार, तुमच्या हाती लागला तर तो परत मैदानात भिरकावून द्यायचा. नाही दिलात तर आसपासचे हजार लोक ‘थ्रो इट बॅक’ ओरडत राहतात.

या खेळाच्या चाहत्याचं वागणं समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. हवेत उंच गेलेला चेंडू आपल्याकडे येताना दिसला की हात आपोआप पुढे जातो. लहानपणापासून लागलेली ती सवय आहे. वर्षभर या सवयीने कुणाचं काही बिघडत नाही. ऑक्टोबरमध्ये, प्लेऑफ म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या की, बिघडतं.

नियम साधा आहे. मैदान आणि स्टँड यांच्यामधल्या भिंतीवरून सरळ आकाशात गेलेला एक अदृश्य पडदा आहे असं समजायचं. प्रेक्षकाने हात त्या पडद्याच्या पलीकडे, म्हणजे मैदानाच्या हद्दीत घातला आणि झेल घेणाऱ्याला अडवलं, तर तो हस्तक्षेप. पंच फलंदाजाला बाद देऊ शकतात. पण चेंडू पडदा ओलांडून स्टँडच्या बाजूला आला असेल तर तो सगळ्यांचा. खेळाडूने तिथे हात घालायचा तो स्वतःच्या जबाबदारीवर. नियमित मोसमात मैदानावर चार पंच असतात. प्लेऑफमध्ये सहा असतात. वाढीव दोघे डाव्या आणि उजव्या सीमारेषेवर उभे राहतात, ते मुख्यतः असल्या प्रसंगांसाठीच.

१४ ऑक्टोबर २००३. रिग्ली फील्ड, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना. शिकागो कब्ज ३-२ ने पुढे, आणि या सामन्यात फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध ३-० ने पुढे. नऊपैकी आठवी इनिंग, एक बाद; दर इनिंगमध्ये तीन बाद व्हावे लागतात. आणखी पाच गडी बाद केले की कब्ज १९४५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत. मार्लिन्सच्या लुईस कास्टिलोने डावीकडच्या फाउल रेषेबाहेर (तिथे पडला तर धाव नाही, झेलला तर बाद) उंच फटका मारला. कब्जचा मोइझेस आलू धावत भिंतीपर्यंत आला आणि त्याने उडी मारली. त्याच क्षणी पहिल्या रांगेतले चार-पाच हात वर गेले. त्यातल्या एका तरुणाच्या हाताला चेंडू लागला. कानावर हेडफोन, डोक्यावर कब्जची टोपी, अंगात हिरवा टर्टलनेक. आलूने हातमोजा आपटला. डाव्या रेषेवरच्या पंचाने हस्तक्षेप दिला नाही, कारण चेंडू पडदा ओलांडून आला होता. चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली तरी मला हा निर्णय बरोबर वाटतो.

त्यानंतर जे घडलं ते क्रमाने सांगायला हवं, कारण शिकागोच्या आठवणीत हा क्रमच पुसला गेला. कास्टिलोला चार बॉल, म्हणजे मारण्याच्या टप्प्याबाहेरचे चेंडू, मिळाले, म्हणून तो पहिल्या बेसवर गेला, आणि चौथा बॉल इतका वाईट होता की बेसवरचा धावपटूही पुढे सरकला. म्हणजे दुसऱ्या बेसवरचा हुआन पिएर तिसऱ्यावर पोचला. इव्हान रॉड्रिगेझने एकेरी फटका मारला (एकेरी-दुहेरी हे गाठलेल्या बेसवरून, धावांवरून नव्हे), ३-१. मग मिगेल कब्रेराचा जमिनीवरून आलेला सोपा चेंडू कब्जचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, अ‍ॅलेक्स गोन्झालेझच्या हातून निसटला. तो पकडला असता तर बहुधा दोघे बाद होऊन इनिंग तिथेच संपली असती. डेरेक लीचा दुहेरी फटका, ३-३. पिचर, म्हणजे गोलंदाज, मार्क प्रायरला तेव्हा कुठे बाहेर काढलं. त्याच्या जागी आलेल्यांनीही काही सावरलं नाही. माइक मॉर्डेकायच्या दुहेरी फटक्याने तीन धावा आल्या. एका इनिंगमध्ये आठ धावा, निकाल ८-३. आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामना होता. तोही कब्जने गमावला, ९-६.

स्टँडमध्ये मात्र हिशोब आधीच झाला होता. स्टेडियमबाहेर उभे असलेले लोक छोट्या टीव्हीवर चित्रफीत पाहत होते, त्यांची आरोळी आत पोचली. त्या तरुणावर बियरचे पेले फेकले गेले, शिव्यांचा ठेका धरला गेला. सुरक्षारक्षकांनी त्याचं तोंड झाकून त्याला बाहेर नेलं. पुढे त्याच्या घराबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या कराव्या लागल्या. त्याने एक निवेदन काढून माफी मागितली आणि मग तो गप्प झाला. मुलाखती नाहीत, जाहिराती नाहीत, पुस्तक नाही. त्याचं नाव सगळ्या अमेरिकेला माहीत आहे. ते इथे लिहायची गरज नाही.

गोन्झालेझच्या हातून चेंडू निसटला तेव्हा त्या चाळीस हजार लोकांचं लक्ष अजून कठड्याकडे होतं. खेळाडू चुकतो तेव्हा चाहता हळहळतो. आपल्यातला एक जण चुकला असं वाटलं तर तो फाडून खातो. मला वाटतं, याचं कारण चाहत्याच्या एका जुन्या समजुतीत आहे. आपल्या ओरडण्याने, आपल्या टोपीने, आपल्या ठरलेल्या खुर्चीने संघ जिंकतो असं त्याला मनापासून वाटत असतं. मग आपल्या हाताने संघ हरतो, हेही त्याला मानावंच लागतं.

या समजुतीचा सगळ्यात भरघोस मळा पाहायचा तर बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या मधल्या साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात जावं. दोन संघांची हद्द कनेटिकट राज्यातून कुठून तरी जाते. एकाच गल्लीत अर्ध्या घरांवर बॉस्टनच्या रेड सॉक्सचा झेंडा, अर्ध्यांवर न्यूयॉर्कच्या यँकीजचा. या पट्ट्यात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही ही निवड करावी लागते. न्यूयॉर्कजवळच्या एडिसनमधला मुलगा सहसा निळ्या टोपीवर पांढरं ‘एनवाय’ घालतो, बॉस्टनच्या उपनगरातला मामेभाऊ लाल ‘बी’. दिवाळीच्या फराळाला ऑक्टोबरमध्ये एकत्र जमले की ताटावरून वाद ठरलेला.

वादाचं मूळ १९१९ च्या डिसेंबरात आहे. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला १ लाख डॉलरला यँकीजला विकलं. सोबत ३ लाख डॉलरचं कर्ज मिळालं, तारण म्हणून बॉस्टनचं फेनवे पार्क हे मैदानच. तोवर बॉस्टनने पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती, न्यूयॉर्कने एकदाही नाही. त्यानंतर २००३ पर्यंत न्यूयॉर्क २६, बॉस्टन शून्य. याला लोक ‘शाप’ म्हणत. शापावर माझा विश्वास नाही, पण शाप मानणाऱ्या लोकांचं काय होतं ते मात्र खरं असतं. २ ऑक्टोबर १९७८ रोजी दोघांची बरोबरी तोडणारा एकच जादा सामना फेनवेवर झाला. सातव्या इनिंगमध्ये बकी डेंट नावाच्या, मोसमभर चार होम रन मारलेल्या शॉर्टस्टॉपने तीन धावांचा होम रन मारला. चेंडू डावीकडच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवरून गेला. ती भिंत होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, जेमतेम ३१० फुटांवर आहे. इतर बऱ्याच मैदानांवर तो झेल ठरला असता. न्यूयॉर्क ५-४. त्या दिवसापासून बॉस्टनमध्ये या गृहस्थांच्या नावात मध्ये एक शिवी घालायची पद्धत पडली.

एक तांत्रिक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोघेही एकाच विभागात, अमेरिकन लीग ईस्टमध्ये. जुन्या पद्धतीत विभागातला फक्त पहिला संघ प्लेऑफला जात असे, म्हणून हे दोघे प्लेऑफमध्ये समोरासमोर येणंच अशक्य होतं. १९९५ पासून वाइल्ड कार्डची, म्हणजे विभागात पहिल्या न आलेल्या संघासाठीची, जागा प्रत्यक्षात आली आणि दार उघडलं. पहिली गाठ १९९९ साली पडली. म्हणजे ऐंशी वर्षं साठलेलं वैर, आणि त्याला प्लेऑफचं मैदान मिळून जेमतेम पाव शतक झालंय.

त्या १९९९ च्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात फेनवेवर पंचाने एक चूक केली. यँकीजच्या खेळाडूने धावपटूला स्पर्श केलाच नव्हता, पंचाने बाद दिलं. नवव्या इनिंगमध्ये आणखी एक निर्णय विरुद्ध गेला आणि बाटल्या मैदानात येऊ लागल्या. संघांना आत न्यावं लागलं, खेळ काही मिनिटं थांबला. आपल्याकडच्या वाचकाला इथे १९९६ च्या उपांत्य फेरीतलं ईडन गार्डन्स आणि रडत बाहेर पडणारा विनोद कांबळी आठवेल. फरक एवढाच की फेनवेवर सामना पुन्हा सुरू झाला आणि बॉस्टनने तो ९-२ असा नीट गमावला.

न्यूयॉर्कच्या चाहत्याची तऱ्हा वेगळी. यँकी स्टेडियमच्या उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर, जुन्या मैदानात विभाग ३९ आणि २००९ नंतरच्या नव्या मैदानात विभाग २०३, एक टोळी बसते. पहिल्या इनिंगचा पहिला चेंडू पडला की त्यांची हजेरी सुरू होते. सेंटर फील्डरपासून सुरुवात, मग एकेकाचं नाव टाळ्यांच्या ठेक्यावर, तो वळून हात करेपर्यंत. हात केला की पुढचं नाव. पिचर आणि त्याचे चेंडू झेलणारा कॅचर यांना वगळतात, कारण ते कामात असतात. हा शिष्टाचार मला फार आवडतो. शिवराळ म्हणून प्रसिद्ध असलेली हीच माणसं आपल्या पिचरचं लक्ष मोडू नये म्हणून जपतात. पाहुण्या संघाच्या उजव्या क्षेत्ररक्षकाला मात्र नऊ इनिंग त्यांच्यापुढे पाठ करून उभं राहावं लागतं.

कब्जच्या त्या रात्रीनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर २००३ ला, यँकी स्टेडियमवर बॉस्टन-न्यूयॉर्क यांच्यातल्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना होता. आठवी इनिंग, बॉस्टन ५-२ ने पुढे, एक बाद. पुन्हा पाचच गडी बाद करायचे होते. पिचर पेद्रो मार्टिनेझ थकला होता हे टीव्हीवर पाहणाऱ्यालाही दिसत होतं. एक धाव गेली, ५-३. व्यवस्थापक ग्रेडी लिटल मैदानात गेले, पेद्रोशी बोलले आणि त्याला तसाच ठेवून परतले. यँकीजच्या मात्सुईचा दुहेरी फटका, पोसाडाचा दुहेरी फटका, ५-५. अकराव्या इनिंगच्या पहिल्याच चेंडूवर बॉस्टनचा पिचर टिम वेकफील्डला अ‍ॅरन बूनने होम रन मारला.

लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. वेकफील्डला मात्र बॉस्टनने दोष दिला नाही. त्याच मालिकेत त्याने दोन सामने जिंकून दिले होते, आणि लोकांनी ते लक्षात ठेवलं. चाहत्यांची स्मरणशक्ती नेहमीच सूड घेते असं नाही. शिकागोत दोष प्रेक्षकावर गेला, बॉस्टनमध्ये व्यवस्थापकावर. दुसरं थोडं तरी न्यायाचं होतं. निर्णय घेणं हे व्यवस्थापकाचं कामच आहे, त्याचा त्याला पगार मिळतो. उडत्या चेंडूकडे हात नेणाऱ्याला तसलं काही मिळत नाही.

२००४ मध्ये पुन्हा तेच दोघे. १०-७, ३-१ आणि फेनवेवर १९-८. यँकीज ३-० ने पुढे. सात सामन्यांच्या मालिकेत तीन हरल्यावर चार जिंकणं बेसबॉलमध्ये कधीच झालं नव्हतं. १९-८ च्या त्या धुळधाणीत वेकफील्डने दुसऱ्या दिवशीची आपली सुरुवातीची पिचिंग सोडून दिली आणि इतर पिचर थकू नयेत म्हणून मधल्या इनिंग स्वतः टाकल्या. त्या रात्री याचं मोल फार थोड्यांनी ओळखलं.

१७ ऑक्टोबर, चौथा सामना, नववी इनिंग, यँकीज ४-३. समोर यँकीजचा मारियानो रिव्हेरा, शेवटची इनिंग टाकून आघाडी राखण्याच्या कामातला सर्वश्रेष्ठ माणूस. बॉस्टनचा केव्हिन मिलार चार बॉलवर पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळणार, हे फेनवेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, रिव्हेरालाही. रिव्हेराने लागोपाठ तीन वेळा चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. हाताच्या रुंदीइतक्या फरकाने तो पोचला. बिल म्यूलरच्या एकेरी फटक्यावर बरोबरी झाली. २०२३ पासूनच्या नियमात पिचरला दोनदाच अशी फेक करता येते. तिसरी फुकट गेली तर धावपटूला पुढचा बेस बहाल होतो. आजच्या नियमाने रॉबर्ट्सला दुसरा बेस बसल्या जागी मिळाला असता, आणि बॉस्टनची सगळ्यात लाडकी चोरी झालीच नसती.

त्या तीन फेकींच्या वेळी मैदानात काय चालतं हे टीव्हीवर कळत नाही. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये काहीच घडत नाही असं नवख्याला वाटतं. प्लेऑफमध्ये सगळं त्याच वेळात घडतं. आपल्या पिचरने दोन स्ट्राइक घेतले (तिसऱ्याला फलंदाज बाद) की सगळं स्टेडियम उभं राहतं. आपला फलंदाज असेल तर लोक टोप्या उलट्या करून बसतात, शेजारी लघवीला गेला असताना धाव आली असेल तर त्याला परत येऊ देत नाहीत. पाच-पाच तास हे चालतं. चौथा सामना १२ इनिंग आणि ५ तास २ मिनिटं, पाचवा १४ इनिंग आणि ५ तास ४९ मिनिटं. दोन्ही बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझने जिंकून संपवले. पाचव्यातल्या शेवटच्या तीन इनिंग वेकफील्डने टाकल्या. त्याचा नकलबॉल स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे हवेत कुठेही वळतो. तो झेलायची सवय नसलेल्या कॅचर व्हॅरिटेकच्या हातून तेराव्या इनिंगमध्ये तीन चेंडू सुटले. फेनवे श्वास रोखून होतं. धाव गेली नाही.

सहावा सामना न्यूयॉर्कला. बॉस्टनचा पिचर कर्ट शिलिंग याच्या घोट्याला टाके आणि मोज्यावर रक्त, हे सर्वांना माहीत आहे. मला त्या सामन्यातले दोन हात अधिक महत्त्वाचे वाटतात. बॉस्टनच्या मार्क बेलहॉर्नचा फटका डाव्या भिंतीपलीकडे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या छातीवर आदळून मैदानात परत आला. त्या माणसाने झेल घेतला असता तर प्रश्नच नव्हता. पंचांनी आधी दुहेरी दिला, मग सहाही जणांनी एकत्र येऊन तो होम रन ठरवला. तेव्हा चित्रफीत पाहायची सोय नव्हती, ती २००८ मध्ये आली. आठव्या इनिंगमध्ये यँकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने धावता धावता बॉस्टनच्या ब्रॉन्सन अरोयोच्या हातमोज्यावर चापट मारून चेंडू उडवला. पंचांनी पुन्हा चर्चा केली, त्याला बाद दिलं, आलेली धाव रद्द केली. स्टँडमधून वस्तू येऊ लागल्या. नवव्या इनिंगमध्ये दंगलविरोधी पोलीस शिरस्त्राणं घालून फाउल रेषांच्या बाहेर ओळीने बसले होते. निकाल ४-२. दुसऱ्या दिवशी १०-३. आठवड्याभरात, २७ ऑक्टोबरला, सेंट लुईसमध्ये खग्रास चंद्रग्रहणाखाली बॉस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि ८६ वर्षांची वाट संपली.

पण मधल्या एका रात्रीबद्दल बॉस्टनचे लोक बोलायला टाळाटाळ करतात. सातवा सामना जिंकल्यावर फेनवेभोवती हजारो लोक उतरले. काही जण खांबांवर चढले, कुठे आग लावली गेली. गर्दी पांगवायला पोलिसांनी मिरपुडीच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका चालवल्या. एक गोळी २१ वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या डोळ्यात लागली आणि ती गेली. तिने काहीही फेकलं नव्हतं. शहराने पुढे कुटुंबाला ५१ लाख डॉलर भरपाई दिली. हरल्यावरच्या रागाचा बंदोबस्त सगळे करतात. जिंकल्यावरच्या रात्रीचा बंदोबस्त जास्त अवघड असतो, कारण तेव्हा गर्दीला कुणाचाच राग आलेला नसतो आणि म्हणून कुणी थांबतही नाही.

चाहते माफही करतात, फक्त वेळ लावतात. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि न्यूयॉर्कचा दुसरा संघ, मेट्स, जिंकला. चेंडू निसटण्याआधीच धावा बरोबरीत आल्या होत्या आणि सातवा सामना अजून व्हायचा होता, तरी २२ वर्षं ते ओझं एकट्या बकनरवर होतं. ८ एप्रिल २००८ ला, बॉस्टनच्या दोन विजेतेपदांनंतर, त्याला फेनवेवर पहिला चेंडू टाकायला बोलावलं. तो डाव्या भिंतीच्या दारातून चालत आला. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं आणि तो डोळे पुसत चालत होता.

२९ ऑक्टोबर २०२४ ला यँकी स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. उजव्या कोपऱ्यात मुकी बेट्सने फाउल चेंडू झेलला आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी त्याचं मनगट धरून, हातमोजा उघडून चेंडू बाहेर काढला. हात पडद्याच्या पलीकडे, झेल पूर्ण. पंचाने लगेच हस्तक्षेप दिला, फलंदाज बाद. दोघांना बाहेर काढलं, आणि पुढे लीगच्या सगळ्या मैदानांवर बंदी घातली. हे खरं बेशिस्त वागणं. बेट्सच्या संघाचा व्यवस्थापक होता डेव्ह रॉबर्ट्स, तोच, वीस वर्षांपूर्वी बेस चोरणारा.

कब्जनी २ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री क्लीव्हलँडमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, १०८ वर्षांनी, दहाव्या इनिंगमध्ये, ८-७. खेळाडूंसाठी अंगठ्या घडवल्या गेल्या, हिऱ्यांच्या, आणि २०१७ च्या जुलैत त्यातलीच एक कब्जनी त्या हेडफोनवाल्या माणसाला दिली. त्याने ती स्वीकारली, एक छोटं निवेदन काढलं आणि पुन्हा गप्प झाला. रिग्लीत त्याची खुर्ची अजून आहे: मार्गिका ४, रांग ८ (तिथे कठड्यालगतची हीच), आसन ११३. सामना नसताना मैदान पाहायला येणारे लोक तिथे थांबतात आणि फोटो काढून घेतात.